बाळंतपणाला बंदी

गुरुवार, २४ जुलै २०२५

सकाळी साडेनवाला वल्लरी खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, 'कळा' गेली."

मला वाटलं, पोटातली कळ गेली. मी म्हटलं, "बरं झालं. ओवा घेतलास का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर खाली ठेवला.

'कळा' म्हणजे तिचा व्हिडिओ गेम. तीन वर्षांपूर्वी ठाण्याची नोकरी सोडून तिने तो करायला घेतला आणि गेल्या दिवाळीत तो 'मार्बल' नावाच्या परदेशी ऑनलाइन दुकानात लागला. जगभरातली मंडळी आपापले छोटे गेम तिथे विकायला ठेवतात. 'कळा'मध्ये आपण एका लहान प्रसूतिगृहातली सिस्टर व्हायचं आणि येईल त्या बाईचं बाळंतपण करायचं. माहिती सगळी शुभदाची. माझ्या बायकोने भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. आवाजाचं काम प्रितेशचं. तो इथल्या जवळच्याच राहनाळ गावचा, वल्लरीबरोबर कॉलेजात होता, घरची गोदामं आहेत. त्यातल्याच एका रिकाम्या गोदामात त्याने रेकॉर्डिंग केलं. मी गेम अजून खेळलेलो नाही. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने एवढं तरी सांभाळावं.

तर आज दुकानात नाव टाकलं की काहीच सापडत नाही. ज्यांनी विकत घेतला त्यांच्यापुरता आहे, नव्या माणसाला दिसत नाही. दुकानाचा मेल दोन ओळींचा: आमच्या पेमेंट भागीदारांच्या नियमांनुसार प्रौढ मजकूर असलेले गेम तपासणी होईपर्यंत काढले आहेत. असे हजारो गेम एकदम गेले म्हणे.

शुभदाने चष्मा लावून मेल दोनदा वाचला. "प्रौढ मजकूर म्हणजे काय गं?"

"अश्लील, आई."

"बाळंतपण?"

"हो."

शुभदा मोठ्याने हसली. मग एकदम थांबली.

शुक्रवार, २५ जुलै

वहीत खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे, म्हणून लिहितो. मला दुकानाचं फारसं चुकलं असं वाटत नाही. इंटरनेटवर काय काय घाण असते हे ऐकून आहे. कार्ड कंपन्यांनी ती पुसायचं ठरवलं तर त्यात एखादी चांगली वस्तूही पुसली जाणार. अर्ज करावा, वाट पाहावी.

दुसरं. वल्लरीने मला शब्द दिलाय की तीन वर्षांत या गेमचं काही झालं नाही तर ती नोकरी धरेल. ती तीन वर्षं ३१ ऑगस्टला संपतात. बंगळुरूच्या कंपनीचं पत्र येऊन पडलंय, तेही त्याच तारखेपर्यंत थांबणार आहेत. आज दुपारी पडल्या पडल्या मनात आलं, झालं ते बरंच झालं. लगेच लाज वाटली. पण आलं होतं हे खरं.

रविवार, २७ जुलै

प्रितेश आला. राहनाळहून खड्ड्यांतून पाऊण तास गाडी चालवत, वल्लरीच्या संगणकाची एक केबल द्यायला.

मला नीट समजावून सांगणारा पहिला माणूस तोच. "काका, असं हाय. परदेशात एका संस्थेने बोंब मारली की दुकानांत वाईट गेम हायेत. होतेही काही, न्हाय म्हणत न्हाय. पण ते दुकानाला न्हाय बोलले, कार्डवाल्या कंपन्यांना बोलले. कार्डवाले गेटवेला बोलले, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीला, आणि गेटवे दुकानाला. आता कार्ड बंद झालं तर दुकानाने विकायचं कसं? ते घाबरले. मशीनला सांगितलं, हे हे शब्द दिसतील ते सगळं उचल."

"आपल्यात कुठले शब्द होते?"

वल्लरी म्हणाली, "गेम लावताना फॉर्म असतो बाबा. यात नग्नता आहे का, रक्त आहे का, वेदना आहेत का. मी तिन्हीला 'हो' लिहिलं. खरंच आहेत."

म्हणजे फॉर्म खरा भरल्याची ही शिक्षा. ज्यांनी खोटा भरला त्यांचे गेम अजून दुकानात आहेत. हे मात्र मला लागलं. छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, फॉर्म खरा भरा, काही होत नाही.

केबल जोडायला पाच मिनिटं लागली. प्रितेश संध्याकाळी सहापर्यंत होता. या वस्तू तपासायला वेळ लागत असावा.

बुधवार, ३० जुलै

वल्लरीच्या अर्जाला दुकानाचं उत्तर आलं. तीन प्रसंग काढले तर 'कळा' लगेच परत लावू. बाळाचं डोकं दिसतं तो, बाळाला पहिल्यांदा अंगावर घेतात तो, आणि टाके घालतात तो.

मला हे एकदम सोपं वाटलं. जेवताना म्हणालो, "तीनच तर आहेत. काढून टाक. बाकीचा सगळा गेम राहतोच की."

शुभदाने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. "आणि बाळ कुठून आलं म्हणून दाखवायचं? कपाटातून?"

"तसं नाही, थोडं सूचक..."

"सूचक? बावीस वर्षांच्या पोरी यायच्या माझ्याकडे, पोटात नऊ महिन्यांचं बाळ आणि ते कुठून येणार हे माहीत नसायचं. कुणी सांगितलेलंच नसायचं. टेबलावर घाबरून पाय आवळून घ्यायच्या. त्यांच्या आयांनी सूचक सांगितलेलं असायचं ना सगळं."

"मी फक्त व्यवहाराचं बोलतोय."

वल्लरीने विचारलं, "बाबा, तुम्ही खेळलात का एकदा तरी?"

मी आमटी वाढून घेतली. ती ताट घेऊन उठली.

गुरुवार, ३१ जुलै

शुभदा बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. मीच वरून घेतलं.

शनिवार, २ ऑगस्ट

आज खेळलो.

दोघी बाजारात गेल्या होत्या. वल्लरीच्या खुर्चीत बसलो. चालू कसं करायचं ते प्रितेशला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काका, हेडफोन लावा. लावल्याशिवाय खेळू नका."

पहिलीच बाई निजामपुऱ्यातली, पॉवरलूमवर कापड विणणाऱ्या माणसाची बायको. गाव उत्तरेत कुठेतरी, इथे तिचं कोणी नाही. मागे लूमचा खडखडाट ऐकू येतो. आपल्याला इथे भिवंडीत तो ऐकूच येत नाही इतकी सवय झालीय, हेडफोनमध्ये मात्र आला. ती हिंदीत विचारते, "सिस्टर, मैं मर तो नहीं जाऊँगी?" आणि खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. मी निवडलं, "घाबरू नका." ती जास्तच घाबरली.

यात गुण नाहीत, घड्याळ नाही. तिच्या पोटावर हात ठेवायचा, म्हणजे बटण दाबून धरायचं, आणि कळ कधी येते, कधी ओसरते ते ओळखायचं. कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं. मी 'जोर लाव' फार लवकर म्हणालो. पुन्हा म्हणालो. सहा वेळा म्हणालो. ती दमून गेली, मग मोठ्या दवाखान्याची गाडी बोलवावी लागली. मी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा नुसतं बटण धरून बसलो. काही न करता बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मग डोकं दिसलं. काढा म्हणतात तो प्रसंग हाच. त्यात अश्लील म्हणावं असं मला शोधूनही सापडलं नाही. त्या क्षणी दुसरं काही बघायला सवडच नसते. आणि बाळ बाहेर आलं ते रडेना. त्याची पाठ चोळायची असते. मी चोळत होतो, म्हणजे माऊस हलवत होतो, आणि तोंडाने मोठ्याने "रड रे, रड रे" म्हणत होतो. मग रडलं.

माऊस धरलेला हात दुखत होता. डोळ्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

एका प्रसंगात व्हरांड्यात बाळंतिणीचा नवरा उभा असतो. खिशाला पेन, रुमालाची चौकोनी घडी, दर मिनिटाला घड्याळ बघतो आणि सिस्टरला विचारतो, "किती वेळ लागेल? मला परत जायचंय." मागच्या कॅलेंडरवर ३१ मार्च. बँकवाल्याला न विसरता येणारी तारीख, आणि वल्लरीचा वाढदिवसही. असले नवरे मी काउंटरवर पुष्कळ पाहिलेत. पोरीचं निरीक्षण चांगलं आहे.

शुभदा आली तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो. विचारलं, "रोज असं असायचं?"

"रोज असं एक नाही. कधी तीन-तीन एकदम." तिने पिशवीतून कोथिंबीर काढली. "किती वेळा हरलात?"

"दोनदा."

"बरंय. शिकाऊ मुली चार-पाचदा हरतात."

चौतीस वर्षं मी तिला एकच प्रश्न विचारत आलो, आज उशीर का झाला.

रविवार, ३ ऑगस्ट

वल्लरीला सांगितलं, काही काढायचं नाही. टाक्यांचा प्रसंग तर मुळीच नाही; बाळ आल्यावरही बाईचं दुखणं संपत नाही हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग काय करायचं?" मी म्हणालो, "पत्र लिहायचं. ते मला येतं."

मंगळवार, १२ ऑगस्ट

आठवडाभर लिहायला सवड झाली नाही. थोडक्यात टिपतो.

मी मार्बलला विचारलं, कोणत्या नियमाने काढलंत? ते म्हणाले, नियम आमचा नाही, गेटवेचा आहे. गेटवेला विचारलं. ते म्हणाले, आम्ही बँकेच्या अटी पाळतो. बँक म्हणाली, अटी कार्ड कंपनीच्या. कार्ड कंपनीने फार गोड पत्र पाठवलं: आम्ही कायदेशीर वस्तूंच्या विक्रीला कधीच मनाई करत नाही, कृपया दुकानाशी संपर्क साधा.

वल्लरी संतापली. मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. हे काम मी स्वतः केलेलं आहे. "ते आमच्याकडे नाही, तीन नंबरला विचारा." तीन नंबरला बसलेल्याला माहीत असायचं की तो चार नंबरला पाठवणार. यात कोणी एक दुष्ट माणूस नसतो. उत्तर देण्याची जबाबदारी कुणावर येऊ नये एवढीच व्यवस्था असते. ती मोडायची एकच रीत मला माहीत आहे. ज्या गिऱ्हाइकाला तक्रार क्रमांक मिळाला, त्याला आम्ही घाबरायचो.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. काउंटरवर असताना समोरचा माणूस पैसे कशासाठी काढतोय हे विचारायचा मला हक्क नव्हता. साडी घेईल नाहीतर पुस्तक, त्याचं तो बघेल. आणि इथे पैसे पोचवणारेच सांगतायत की दुकानाच्या फळीवर काय ठेवायचं. परवापर्यंत मला हे योग्य वाटत होतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सापडलं. गेटवेच्या संकेतस्थळावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. फोनवर नोंदवून क्रमांक दिलेल्या प्रत्येक तक्रारीला पंधरा दिवसांत स्वतंत्र लेखी उत्तर दिलं जाईल. प्रत्येक. स्वतंत्र.

त्याच पानावर बंदी असलेल्या वस्तूंची यादी. नववं कलम नग्नतेचं. त्याच्या शेवटी एक वाक्य: वैद्यकीय व शैक्षणिक मजकूर यातून वगळण्यात आला आहे. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नियमाने 'कळा'ला बंदी नव्हतीच. भीतीपोटी कोणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंच नाही.

शुभदाला दाखवलं. ती म्हणाली, "एका माणसाच्या तक्रारीला एक उत्तर ना?"

"हो."

"मग मला माझी जुनी डायरी द्या. फोन नंबरांची."

बुधवार, २० ऑगस्ट

हा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

अकरा वाजल्यापासून घरात निवृत्त सिस्टर यायला लागल्या. भिवंडीच्या, कल्याणच्या, दोघी शहापूरहून. शुभदाच्या वॉर्डात तीस वर्षं आया असलेल्या जानकीबाई गणेशपुरीहून एसटीने आल्या, दोन दिवस एवढा पाऊस पडून गेलेला असताना. एकूण एकतीस जणी. बसायला जागा नव्हती म्हणून प्रितेशने गोदामातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. बरोबर त्याची आजी धोंडूबाईही आल्या. गेममधल्या एका बाळंतिणीच्या म्हाताऱ्या सासूचा आवाज त्यांचाच. त्यांना आत बोलावलं तर म्हणाल्या, "मी त फोन कराला आलंय. माझी पाच झाली, पाची घरान. मना कोन इचारनार, ते अश्लील हाय का?"

मी सगळ्यांना उभं राहून सूचना दिल्या. रागवायचं नाही. वैद्यकीय मजकूर वगळलेला असताना बाळंतपणाचा गेम का काढला, एवढंच विचारायचं. आणि क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. जानकीबाई म्हणाल्या, "साहेब, रात्रपाळीच्या डॉक्टरला उठवून आणायचो आम्ही. क्रमांक काय घेऊन बसलात!"

मग सुरू झालं. एकाच वेळी आठ फोन. मी बँकेतही असा गोंधळ पाहिला नव्हता. एक सिस्टर पलीकडच्या मुलाला विचारत होती, "बेटा, तुम पैदा कैसे हुए? हाँ, तो उसमें शरम की क्या बात?" दुसरी इंग्रजीत नववं कलम वाचून दाखवत होती, ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं मागावीत तशा आवाजात. धोंडूबाईंना कोणीतरी हिंदी बोलणारी मुलगी मिळाली. बाईंनी तिला स्वतःचं तिसरं बाळंतपण पहिल्यापासून सांगितलं. पंधरा मिनिटांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पोरगी रडली. नंबर दिला तिनं. लिवून घ्या."

दुपारी मेघालीचा व्हिडिओ फोन आला. ती शुभदाच्या हाताखाली शिकली, आता डब्लिनला सुइणीचं काम करते. गेटवेचं मुख्य ऑफिस तिकडेच आहे. "सिस्टर, मी माझ्या वॉर्डात सांगितलंय. केरळच्या आहेत, फिलिपिन्सच्या आहेत, इथल्या आहेत. सगळ्या जेवणाच्या सुट्टीत फोन करतायत. काही जणी तर ऑफिसात जाऊन उभ्या राहणार आहेत, युनिफॉर्ममध्ये."

वल्लरी स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. प्रितेश तिच्या शेजारी कप धरून उभा होता. त्याने एका हाताने तिचे डोळे पुसले. चांगला मित्र आहे.

एकतीस जणींनी आपापल्या ओळखीच्या सिस्टरांनाही घरून फोन करायला लावलं; संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत एकशे बारा क्रमांक.

रविवार, २४ ऑगस्ट

मेघाली सांगते, तिकडून तीनशेच्या वर. आता नर्सेसच्या कुठल्या कुठल्या गटांतून चाललंय, आम्हाला माहीतही नसलेल्या देशांत. एका बाईने मेक्सिकोहून वल्लरीला लिहिलं की तिच्या गावात सुईण बनायला शिकणाऱ्या मुली हा गेम खेळतात.

दुकान गप्प आहे. गेटवे गप्प आहे.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीत चित्त नव्हतं, खरं सांगतो. चार दिवस राहिले.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी वल्लरी माझ्यासमोर येऊन बसली. बंगळुरूचं पत्र हातात. "बाबा, आज शेवटचा दिवस. मी शब्द दिलाय. तुम्ही म्हणाल तर सही करते."

गेल्या महिन्यात हे ऐकून मला हायसं वाटलं असतं. आज मी तिच्याकडे बघत राहिलो. नोकरी चांगली आहे. गेमचं अजून काहीच ठरलेलं नाही, कदाचित कधी ठरणारही नाही. ती एकोणतीस वर्षांची आहे आणि आम्ही म्हातारे होत चाललोय. हे सगळं मनात आलं, आणि तरी मी म्हणालो, "शब्द असा होता की तीन वर्षांत काही झालं नाही तर. झालं नाही असं कसं म्हणू? मेक्सिकोत मुली शिकतायत."

"पण दुकानात नाहीये बाबा तो."

"येईल. आणि नाही आला तर मी पुढचं पत्र लिहीन. तू पुढचा गेम कर."

ती उठून माझ्या गळ्यात पडली. मला अशा वेळी हात कुठे ठेवावा ते कळत नाही. पाठीवर थोपटलं. शुभदा दारातून म्हणाली, "जोर लावायची वेळ बरोबर ओळखली हं आज."

बंगळुरूला नकाराचं पत्र वल्लरीने स्वतः लिहिलं. मी एक स्वल्पविराम दिला.

मंगळवार, २ सप्टेंबर

दुपारी अडीचला व्हिडिओ बैठक. त्यांनीच मागितली. साडेचारशे स्वतंत्र उत्तरं लिहिण्यापेक्षा एकदा बोललेलं बरं, असा हिशोब असणार. पडद्यावर गेटवेच्या नियम विभागाच्या एक मॅडम आणि मार्बलचा एक तरुण माणूस. इकडे मी, शुभदा, वल्लरी. प्रितेश आवाज नीट येतोय का बघायला.

मॅडम बराच वेळ बोलल्या. सुरक्षितता, जबाबदारी, भागीदारांची चिंता. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, आपल्या नवव्या कलमाचं शेवटचं वाक्य वाचून दाखवता का?"

त्यांनी वाचलं. वाचता वाचता आवाज हळू झाला.

मी मार्बलच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला गेटवेने 'कळा' काढायला सांगितलं होतं का? लेखी?"

"नाव घेऊन नाही सर. पण महिनाभरात सगळं साफ केलं नाही तर सेवा बंद होईल, असं लिहिलं होतं. आमच्याकडे सहा माणसं आहेत. लाखभर गेम कोण वाचणार?" त्याचा चेहरा पाहून मला त्याची दया आली. तोही तीन नंबरलाच बसलेला.

मॅडम म्हणाल्या की प्रकरण समितीपुढे ठेवतील, सहा ते आठ आठवडे लागतील.

शुभदा पुढे सरकली. तिचं इंग्रजी वॉर्डातलं आहे, छोटी छोटी वाक्यं. "मॅडम, तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन आहेत."

"तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

मॅडमना प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग त्यांनी एक नाव घेतलं. पडद्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, ती सुईण होती, चौदा तास तिने माझा हात सोडला नाही, आणि मी तिला नंतर कधी भेटले नाही.

"माझा गेम त्या बाईबद्दल आहे," शुभदा म्हणाली. "तिला तुम्ही घाणीत टाकलंय. तिला आठ आठवडे तिथे ठेवणार?"

मार्बलचा मुलगा खाली बघत होता. मग मॅडम म्हणाल्या, "मी आज लिहिते."

शुभदा 'माझा गेम' म्हणाली हे तिच्या लक्षात आलं नसेल. वल्लरीच्या आलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आली! 'कळा' परत आली!

अकरा वाजून दहा मिनिटांनी. वल्लरी खोलीतून किंचाळली, मी दाढी अर्धी टाकून धावलो. पहिल्याच पानावर. एकही प्रसंग काढलेला नाही. आरोग्य आणि शिक्षण असा नवा विभाग केलाय आणि त्यात 'कळा'बरोबर एकशे चाळीस गेम परत आलेत. कर्करोगावरचे, गर्भपातावरचे, एक स्तनपान शिकवणारा. कोण कुठली माणसं वल्लरीला आभाराचे मेल पाठवतायत. गेटवेने सगळ्या दुकानांना लेखी कळवलंय की वैद्यकीय मजकुराला बंदी नाही, आणि काही काढायचं तर आधी माणसाने वाचायचं, मशीनने नाही. पत्राची प्रत मागून घेतली. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम पत्र, आणि ते मी लिहिलेलं नाही.

सगळं जिंकलो असं नाही. हजारो गेम अजून बाहेरच आहेत. त्यातले काही मला बघवणारही नाहीत, पण काही नक्कीच कोणाच्या तरी 'कळा' असतील, आणि त्यांच्यामागे एकतीस सिस्टर नाहीत. हे वल्लरीला बोललो. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या पत्रांचे नमुने सगळ्यांना देऊ या का?" देऊ या. सोमवारपासून.

दुपारी प्रितेश आजीला घेऊन आला. धोंडूबाईंनी वल्लरीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलाशी मोडली आणि मला म्हणाल्या, "आता आमच्या घरी जेवाला या सगली. बोलाचं हाय." कशाबद्दल ते सांगितलं नाही. शुभदा मात्र लगेच "येतो" म्हणाली, तारीखही ठरवली. बहुधा पुढच्या गेमच्या रेकॉर्डिंगचं असेल.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज नर्सिंगच्या शाळेत 'कळा' दाखवली. प्राचार्यांनी स्वतः बोलावलं होतं. सभागृहात साठ-सत्तर विद्यार्थिनी, पुढच्या दोन रांगांत आपल्या एकतीस जणी, इस्त्रीच्या साड्यांत. मोठा पडदा, आणि प्रितेशने लावलेले गोदामातले दांडगे स्पीकर.

एका मुलीला पुढे बोलावलं. अठरा-एकोणीसची असेल. बाकीच्या सगळ्या मागून ओरडत होत्या, "थांब! अजून नाही! थांब!" जानकीबाई उभ्या राहून "श्वास, श्वास!" म्हणत होत्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. डोकं दिसलं तेव्हा सभागृह चिडीचूप झालं. बाळ आलं आणि रडेना. ती मुलगी पाठ चोळतेय, चोळतेय, आणि शुभदा तिच्या मागे उभी, हात न लावता.

मग ते रडलं. त्या स्पीकरमधून असं रडलं की खिडक्यांची तावदानं हलली. सगळ्या एकदम उठून ओरडायला लागल्या, टाळ्या, शिट्ट्या, कोण कोणाच्या गळ्यात पडतंय कळेना.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. खालचा वॉचमन जिने चढत धावत आला होता, टोपी हातात, धाप लागलेली. "काय झालं? कोन बालंत झाली?"

शुभदा वळली. चौतीस वर्षांच्या वॉर्डाच्या आवाजात म्हणाली, "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत."

वॉचमनने टोपी छातीशी धरली, हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "मंग पेढे कुठं हायेत?"

मी चपला घातल्या आणि पेढे आणायला निघालो.